‘बिड’ हा एक शब्द नव्हे, दोन आहेत

इंग्रजी ‘बिड’ (bid) या क्रियापदाचा मूळ अर्थ हुकूम, त्यातूनच लिलावातली बोली निघाली आणि शब्द आला थेट संस्कृत ‘विद्’वरून, असा मजकूर मोबाइलवर फिरतो. शेवटी फुकटचा सल्लाही असतो: भूतकाळ कायम ‘बेड’ (bade) वापरा.

पहिली गोष्ट, मूळ एक नाही. जुन्या इंग्रजीत दोन स्वतंत्र क्रियापदं होती. ‘बिद्दन’ म्हणजे मागणं, विनवणं, प्रार्थना करणं. ‘बेओदन’ म्हणजे देऊ करणं, जाहीर करणं, फर्मावणं. हुकमाची छटा बिद्दनलाही होती, घोटाळा तिथेच झाला. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत दोघांची रूपं एकमेकांत मिसळली. जर्मन भाषेनं मात्र ती आजही वेगळी ठेवली आहेत: ‘बिटन’ म्हणजे विनंती करणं, ‘बीटन’ म्हणजे देऊ करणं.

लिलावातली बोली हुकमातून निघालेली नाही. ती बेओदनच्या ‘देऊ करणं’ या अर्थाची आहे; ब्रिजच्या डावातली बोलीही तीच. मनाई करणारं ‘फॉर्बिड’ही बेओदनच्याच घरचं. त्यातला ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ नव्हे, तो नकार दाखवणारा जुना उपसर्ग आहे. बिद्दनच्या घरात सापडतो तो मणी, इंग्रजी ‘बीड’. त्या शब्दाचा जुना अर्थ प्रार्थना. जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता नाव मण्यालाच चिकटलं.

आता ‘विद्’, म्हणजे जाणणं. त्याचे इंग्रजी सोयरे ‘विट’ आणि ‘वाइज’. तिथे ‘व’चा ‘ब’ झालेला नाही. बेओदनचं नातं आहे ‘बुध्’शी, म्हणजे बोध आणि बुद्ध या शब्दांशी. दोघांचा सामाईक मूळ धातू ‘भेउध्’सारखा मानतात. लागोपाठच्या दोन महाप्राणांपैकी (भ, ध यांसारख्या ‘ह’मिश्रित व्यंजनांपैकी) पहिला संस्कृतात अल्पप्राण होतो, म्हणजे त्यातला ‘ह’ गळतो (हा नियम जर्मन अभ्यासक ग्रासमान यांनी 1863 मध्ये मांडला), म्हणून ‘भ’चा ‘ब’. इंग्रजी-जर्मन ज्यात मोडतात त्या जर्मानिक शाखेत दोन्ही महाप्राण गेले: ‘ब’ आणि ‘द’. अर्थ सरकला तो जाणवून देणं, जाहीर करणं, देऊ करणं असा. पण ही भावंडं आहेत. संस्कृतातून इंग्रजीत काही गेलेलं नाही. बिद्दनचा तर ‘बुध्’शी संबंधच नाही.

राहिला भूतकाळ. हुकूम केला किंवा निरोप घेतला तर ‘बेड’. जुना उच्चार ‘बॅड’, आणि भूतकालवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल) ‘बिडन’. लिलाव, टेंडर, पत्ते यांत तिन्ही रूपं ‘बिड’च. टेंडरच्या पत्रात ‘वी बेड टेन लाख’ लिहिलं तर ते चूक, आणि ‘बिडेड’ कितीही कानावर पडत असलं तरी प्रमाण इंग्रजीत तेही टाळतात.