सव्वाचा की दीडचा?

मोटारीच्या चाकाला चार नट असतात आणि पंक्चर काढताना त्यातला एक गटारात जातो, हा निसर्गनियमच असावा. आमच्या पंक्चरवाल्याने गटारात वाकून पाहिलं, हात झटकले आणि म्हणाला, "तीनवर पण चालते साहेब." चालण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. चाकानेही गाडीबरोबरच चालावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

एक नट तो काय, म्हणून मी पुण्यातल्या बोहरी आळीत शिरलो. ज्याला जगात काहीही मिळत नाही त्याने बोहरी आळीत यावं, अशी इथली श्रद्धा आहे. पहिल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "किती सूत?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ साली, पण तो हार्डवेअरच्या गल्लीत कोणी वाचून दाखवलेला नाही. "बारा एमएम," मी म्हणालो. "म्हणजे चार सूत," असं म्हणत त्याने अर्ध्या इंची नट काढून पुढे सरकवला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. वरचे ०.७ त्याने मला सवलत म्हणून दिले असावेत. मी नको म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाव पाडून मागत होतो.

दुसऱ्या दुकानात हुशारीने "बारा नंबरचा नट" म्हणालो. त्याने हातावर ठेवला तो वाटाण्याहून थोडा मोठा. इथे नटाचा नंबर म्हणजे पान्याचा नंबर. बारा नंबरच्या पान्याने फिरतो तो बारा नंबरचा नट, आणि त्याच्या आत जाणारा बोल्ट असतो आठ मिलिमीटरचा! माझ्या वॅगन आरच्या नटाला पाना लागतो एकोणीसचा. थोडक्यात, तीच वस्तू एका दुकानात चार सूत, दुसऱ्यात एकोणीस नंबर आणि कंपनीच्या कागदावर एम १२. आधार कार्डावर, रेशन कार्डावर आणि पासबुकात वेगवेगळं नाव असलेल्या माणसांबद्दल मला त्या दिवशी फार आपुलकी वाटली.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो.

"मामा, एम १२ झालं. पुढचं काय? पिच?"

एम १२ म्हणजे बोल्टचा आट्यांसकटचा बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर. पिच म्हणजे एका आट्याच्या शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतचं अंतर, किंवा नट एक पूर्ण फेरी फिरला की जितका पुढे सरकतो तितकं. साध्या एम १२ बोल्टचा पिच पावणेदोन मिलिमीटर. चाकाला मात्र बारीक आटा लावतात. बारीक आट्याचा बोल्ट तेवढ्याच जाडीत जास्त ताण सोसतो. बारीक, पण किती बारीक? इथे मोटार कंपन्यांनी ठरवून एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. सुझुकी आणि निसान सव्वाचा पिच वापरतात. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांचा दीडचा. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांना नटच मंजूर नाही. त्यांचा बोल्ट, एम १४, पिच दीड. त्या गाडीला स्टेपनी लावताना बाहेर आलेले स्टड, म्हणजे नट ज्यांच्यावर फिरवतात ते आटेदार दांडे, नसतात, म्हणून चाक टांगून ठेवता येत नाही. ते दोन्ही हातांनी उचलून धरायचं, भोकाला भोक जुळवायचं आणि बोल्ट घालायला तिसरा हात शोधायचा.

"पिच मोजायचा कसा?" मी विचारलं.

"सोपं आहे. दहा आटे मोज. साडेबारा मिलिमीटर भरले तर सव्वा, पंधरा भरले तर दीड."

ज्याचा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही त्याच्यासाठी सोपं आहे. मी पार्किंगमध्ये मांडी घालून, एका हातात मोबाइलचा दिवा, दुसऱ्यात मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी, असा स्टडसमोर बसलो. सातव्या आट्यापर्यंत आलो की वरून कोणीतरी विचारायचं, "काय, पंक्चर का?" की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जाडी मोजायचा व्हर्निअर मागून आणला, तर त्याने व्यास दाखवला ११.८५. हा आणखी एक छळ. नट बोल्टवर फिरावा म्हणून बोल्टचे आटे मुद्दाम किंचित लहान काढतात, त्यामुळे बारा मिलिमीटरचा बोल्ट बारा मिलिमीटर भरतच नाही.

एवढ्यात शेजारचे काका खाली आले. त्यांची ह्युंदाई. त्यांच्या डिकीत एक जादा नट होता. "बाराचाच आहे, बसणार," ते म्हणाले. आणि खरंच, तो बोटाने अलगद लागला, गोलगोल फिरला. चुकीच्या पिचचा खरा दगाफटका इथे आहे. तो सुरुवातीलाच नाही म्हणत नाही. पहिली फेरी, दुसरी फेरी अगदी प्रेमाने जातो, मग अडतो. पाव मिलिमीटरचा फरक दर फेरीला साठत जातो आणि आटे एकमेकांवर चढतात. "जरा टाइट आहे, पाना लावून बघ," काका म्हणाले. हे वाक्य ऐकून आजवर किती स्टडचे आटे गेले असतील, देव जाणे. पाना लावला असता तर नट बसलाही असता, फक्त पुन्हा निघाला नसता. मी नट उलटा फिरवून काकांच्या हातात दिला. ते दुखावले.

शेवटी नाना पेठ. तिथल्या स्पेअर पार्टवाल्याने सूत विचारलं नाही, नंबरही नाही. "गाडी कोणती? लोखंडी डिस्क की अलॉय?" डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतो ते चाक, लोखंडी किंवा मिश्रधातूचं. मला वाटलं, सुटलो. पण त्याने अलॉयचं का विचारलं हे विचारायची दुर्बुद्धी झाली, आणि त्याने काउंटरवर नटांचं प्रदर्शन मांडलं. नट डिस्कला टेकतो ती बैठकही वेगवेगळी. कुणाची ६० अंशांची निमुळती, होंडाची गोलसर, टोयोटाच्या कित्येक अलॉयना सपाट आणि वर वॉशर. आटा बरोबर पण बैठक चुकली, तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात सैल होतो. मी निमुळत्या बैठकीचा, सव्वाचा, एकोणीसच्या पान्याचा नट घेतला. सुटा नव्हता, चारचा सेट होता. पंक्चरवाल्याचा हिशेब पाहता ते बरंच झालं.

आता घट्ट किती करायचा? आपल्याकडे पद्धत एकच: पान्यावर उभं राहायचं. पाना पाव मीटर लांब, माझं वजन पंच्याहत्तर किलो, म्हणजे सुमारे १८४ न्यूटन मीटरचा पीळ, इंजिनिअरांच्या भाषेत टॉर्क. माझ्या गाडीला लागतं त्याच्या जवळपास दुप्पट. पंक्चरवाला तर पान्यावर उड्या मारतो. भाच्याने टॉर्कचा, म्हणजे ठरवलेल्या जोरापुरतंच आवळायचा पाना पाठवला, आणि सूचनाही: नट समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

त्यामुळे साताऱ्याला जाताना शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा बायको चहा सांगायला गेली आणि मी पाना काढून चाकाशी बसलो. शेजारी एक टुरिस्ट ह्युंदाई जॅकवर उभी होती. ड्रायव्हर पोरगा जवळ आला.

"काका, एखादा नट आहे का जादा?"

"आहेत तीन. पण चालणार नाहीत. माझे सव्वाचे, तुझे दीडचे. पहिल्या दोन फेऱ्या जाईल, मग..."

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मग पाना तरी द्या."

माझ्याकडे एकोणीसचा. त्याला लागत होता एकवीसचा.