‘जात नको, गरिबी बघा’: दरवर्षीच्या त्या मेसेजला उत्तर

निकाल लागून प्रवेश सुरू झाले की हा मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. खुल्या वर्गातल्या शेतकऱ्याच्या पोराला ९२ टक्के असूनही छदाम मिळत नाही, शेजारच्या साहेबाच्या पोराला मात्र जातीच्या दाखल्यावर फुकट शिष्यवृत्ती. हे संविधानातल्या समतेविरुद्ध आहे, तेव्हा फक्त गरिबी बघून पैसे द्या. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

आधी साहेबाचं पोर. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाची, शिष्यवृत्ती मिळायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म पुढे सरकत नाही. साहेब सोडाच, त्याच्या ऑफिसातला कायम नोकरीतला शिपाईसुद्धा या मर्यादेत बसत नाही. आता खरं तेही सांगतो: अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्यांना महाराष्ट्रात फ्रीशिप आहे. त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं. तिथे वरची मर्यादा असावी का, यावर जरूर भांडू. पण मेसेज लिहिणाऱ्याला हा फरकच ठाऊक नाही.

‘फुकट’ म्हणजे किती, तेही बघा. इंजिनिअरिंग-मेडिकलला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार निर्वाह भत्ता वर्षाला १३,५०० रुपये. महिन्याला ११२५. पुण्यात दोन वेळच्या डब्याचे निम्मे पैसेही यात भागत नाहीत. शिवाय ते वेळेवर येतील तर शपथ! फॉर्म ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो, केंद्राचा ६० टक्के हिस्सा एकदा येतो, राज्याचा ४० टक्के कधीतरी, आणि तोवर कॉलेजचा क्लार्क पोराला फीसाठी खिडकीवर उभं करतो.

खुल्या वर्गाला छदाम नाही, हे तर साफ खोटं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी सरकार भरतं. मुलींची २०२४-२५ पासून पूर्ण. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळाच. मेसेज ढकलण्याऐवजी कुणी त्या शेतकऱ्याला एवढं सांगितलं असतं, तर पोराचं भलं झालं असतं.

९२ टक्क्यांचा इथे संबंध काय, ते मला कळलेलं नाही. शिष्यवृत्ती प्रवेश झाल्यावर मिळते. तिने कुणाची सीट जात नाही. आणि संविधानाचं म्हणाल तर मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करायची मुभा देणारं कलम १५(४) हे १९५१ पासून त्याच संविधानात आहे.

राहिलं ‘फक्त गरिबी बघा’. जात न बघता सोय करून पाहायचा प्रयोग कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळातच झाला. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला सर्व जातींसाठी वसतिगृह निघालं. तिथे ब्राह्मणेतर मुलं टिकेनात, तेव्हा १९०१ पासून महाराजांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. आजही खोली बघायला गेलेल्या मुलाला मालकीणबाई आधी आडनाव विचारतात, मग भाडं सांगतात. दोन घरांचं उत्पन्न सारखं असलं तरी आडनावावरून परत फिरावं लागतं ते एकालाच.

बरं, आर्थिक निकषावरचं आरक्षणही आलंच की, २०१९ मध्ये, १०३ व्या घटनादुरुस्तीने. १० टक्के. त्यातून अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ३ विरुद्ध २ असं उचलून धरलं; तेव्हाचे सरन्यायाधीश लळीत आणि न्या. भट यांचा आक्षेप नेमका या वगळण्यावर होता. तेव्हा ‘जात नको, गरिबी बघा’ म्हणून कुणी मेसेज फिरवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.