हॅपी विकला गेला नव्हता

'डिसिजन बिफोर डॉन' (१९५१) या युद्धपटात गद्दारीचा गौरव केलाय, असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. काल भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ''मावशी, खरंय का गं हे?'' सोळा वर्षांच्या पोराने हे वाचून सिनेमाच न बघायचं ठरवलं, म्हणून लिहिणं भाग आहे.

मजकूर म्हणतो, जर्मन युद्धकैदी हॅपी पैशासाठी आणि जीव वाचवायला अमेरिकेला विकला गेला. अहो, जीवच वाचवायचा असता तर तो कैद्यांच्या छावणीत बसून राहिला असता! त्याच्यापुरतं युद्ध संपलं होतं. तरी तो अमेरिकेचा हेर म्हणून पॅराशूटने जर्मनीत उतरतो, कारण 'आपण हरलोय' म्हणणाऱ्या त्याच्या मित्राला सोबतच्या कैद्यांनीच मारलेलं असतं. पुढे एका आजारी जर्मन कर्नलच्या शुश्रूषेला त्याला नेतात. इंजेक्शन त्याच्या हातात, कर्नलचा जीवही त्याच्याच हातात. तो कर्नलला वाचवतो. विकला गेलेला माणूस असा वागतो?

सिनेमा ज्या कादंबरीवर आहे, ती लिहिणारे जॉर्ज होव स्वतः अमेरिकेच्या सातव्या सैन्यासोबत हेरखात्यात होते. त्यांच्या कादंबरीत हेर तीन कारणांनी हेर होतात: पैसा, जोखमीची ओढ आणि श्रद्धा. हॅपी श्रद्धेचा. पैशासाठी आलेला त्याचा साथीदार हेर टायगर वेगळा आहे, आणि तो ऱ्हाइन नदीकाठी ऐनवेळी कच खातो.

'सगळं स्टुडिओतलं खोटं' हेही चूक. चित्रीकरण जर्मनीतल्या खऱ्या भग्नावशेषांत झालं. हॅपी झालेला ऑस्कर वेर्नर तर १९४४ मध्ये स्वतःच जर्मन सैन्यातून पळून जंगलात लपला होता. दिग्दर्शक लिटवाक युद्धकाळात अमेरिकी सैन्यात होते, तेव्हा 'युद्ध न पाहिलेला माणूस' हाही आरोप गळतो.

एक मान्य करते. निवेदनाचा सूर उपदेशाचा आहे, आणि १९५१ साली पश्चिम जर्मनीशी दोस्ती अमेरिकेला हवीच होती. चांगला जर्मन दाखवण्यात अमेरिकेची सोय होती.

पण 'शेवटी हॅपीला बक्षीस मिळतं' हे लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नाही. ऱ्हाइन पोहून जाताना मधल्या बेटावर पहारेकऱ्यांना चाहूल लागते. सोबतचा अमेरिकन लेफ्टनंट रेनिक पलीकडे पोचावा म्हणून हॅपी त्यांचं लक्ष स्वतःकडे वेधतो. रेनिक पोचतो. हॅपीला पकडून पळपुटा सैनिक म्हणून गोळ्या घालतात.