‘पट्टा सुटला, कार्ट मोडली, वर डिपॉझिटही कापलं’: एक ताऱ्याच्या अभिप्रायाला कनूची कार्ट भाड्यानं देणाऱ्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. कॅनडातल्या बोव्हरॉन लेकच्या तलावसाखळीत पहिल्याच पोर्टेजवर, म्हणजे नाव जमिनीवरून पुढच्या तलावाकडे न्यायच्या वाटेवर, कनू (वल्ह्याची निमुळती नाव) दोन चाकांच्या कार्टवरून घसरली, आस वाकली, 2.4 किलोमीटरला तीन तास लागले, वहिनींची पाठ धरली आणि परत आल्यावर आम्ही डिपॉझिटमधून 80 डॉलर कापले. एवढं झाल्यावर कोणी पाच तारे देणार नाही.

आधी आमची चूक. तुम्ही लिहिलंय की पट्टा हलक्या प्रतीचा होता. पट्टा मी तपासला. तो तुटलेला नाही, बक्कलही धरतं. तो सैल पडला, आणि का पडला ते आमच्या मुलानं तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यानं अंगणातल्या सपाट जागेवर कनू कार्टवर ठेवली, काठांवरून पट्टा टाकून आवळला आणि हलवून दाखवली. अंगणात सगळंच घट्ट वाटतं. पण कनू मध्यावर रुंद असते आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते. वाटेत चाक मुळाला अडलं की तुम्ही कनू पुढे ओढता आणि कार्ट जागीच राहते, म्हणजे मागे सरकते. जिथे कनू अरुंद आहे तिथे पट्टा पोचला की आवळलेला पट्टाही आपोआप ढिला पडतो. त्यातून तळ ओला असला की विचारूच नका.

म्हणून पट्टा नुसता वरून टाकून भागत नाही. कनूतल्या आडव्या दांडीला त्याचा एक वेढा द्यायचा, म्हणजे कार्टला मागे जायला जागाच उरत नाही. शंभर-दीडशे पावलांवर थांबून पुन्हा आवळायचा आणि उरलेलं टोक गाठ मारून ठेवायचं, नाहीतर ते चाकात गुंडाळलं जातं. रॅचेटचा, म्हणजे दात्यांच्या खटक्यानं आवळायचा पट्टा आम्ही मुद्दाम देत नाही. जोरात आवळला की हलक्या कनूचे काठ आत दबतात.

कार्ट कुठे ठेवायची हेही राहून गेलं. बरोबर मध्यावर नाही, ओढणाऱ्याच्या टोकापासून मध्याच्या किंचित पलीकडे. गावाकडे बैलगाडी भरताना उलाळ होऊ देत नाहीत, थोडी धुरजड, म्हणजे पुढून जड ठेवतात, तोच हिशेब. हातात जरा वजन आलं की कनू डोलत नाही.

आता एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. तुमच्याच दुसऱ्या फोटोत कनूमध्ये कूलर, दोन मोठ्या बॅगा आणि तंबू दिसतोय. तिथे उद्यानाच्या नोंदणी केंद्रावर सामान वजन करून घेतात आणि कार्टवरच्या कनूत 60 पौंड, म्हणजे साधारण 27 किलोच ठेवू देतात. बाकीचं पाठीवर. भरलेल्या कार्टनी वाटेत चर पडतात, म्हणून हा नियम. केंद्र नजरेआड झाल्यावर पाठीवरचं सामान पुन्हा कनूत गेलं असणार. पहिलंच पोर्टेज 2.4 किलोमीटरचं, मोह होतो, मलाही झालाय. पण आस नुसत्या पट्ट्यामुळे वाकली नाही. कार्ट आडवी झाली तेव्हा वर ते सगळं ओझं होतं.

तरी 80 डॉलर तुमच्या कार्डावर परत पाठवलेत, कार्टचं भाडंही. वेढा आम्ही दाखवला असता तर कदाचित कार्ट आडवी झालीच नसती, मग ओझं कितीही असो.

‘मराठी माणूस म्हणून तुमच्याकडे आलो, तरी लुबाडलंत’ हे वाक्य लागलं. डिपॉझिट मराठी-अमराठी बघून कापत नाही, सगळ्यांचं सारखंच कापतो! खरं तर तुम्ही मराठीत बोलत होता म्हणून आमचा मुलगा गप्पांमध्ये रमला आणि पट्ट्याचं अर्धंच सांगून मोकळा झाला, असं तोच म्हणतो.

तशा अवस्थेत तुम्ही तिन्ही पोर्टेजं, म्हणजे एकूण 6 किलोमीटर, पार करून त्यापुढच्या आयझॅक लेकचे 38 किलोमीटरही वल्हवलेत. ते तुम्ही अभिप्रायात एका ओळीत उरकलंत. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

वाकलेली आस आता दुकानात भिंतीला टांगली आहे. वेढा दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला ती दाखवते.