हायब्रिड पिकअप: दोष कोणाचा आणि बोल कोणाला

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक संदेश फिरत आहे. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही असलेली, पिकअप घेणे म्हणजे एका गाडीच्या किमतीत दोन गाड्यांची दुखणी विकत घेणे, असे त्यात म्हटले आहे. बॅटरी पाच वर्षांत निकामी होते, गिअरबॉक्समधला पट्टा तुटतो, मायलेजचे आकडे खोटे असतात, ओझे ओढणे जमत नाही आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते किंवा पेट घेते, अशी यादी पुढे येते. उदाहरण म्हणून फोर्ड मॅव्हरिकचे नाव घेतले आहे, तेव्हा तपासणीही तिच्याच आधारे करू. जून 2021 मध्ये जाहीर झालेल्या या गाडीची मूळ किंमत तेव्हा 20 हजार डॉलरच्या आत होती आणि अनेक मध्यमवर्गीय घरांसाठी हायब्रिड पिकअप तिच्यामुळेच आवाक्यात आली. संदेशातील सगळेच खोटे नाही. काही तक्रारी खऱ्या आहेत, मात्र त्या भलत्याच भागाच्या माथी मारल्या आहेत.

पट्ट्याचा मुद्दा सर्वांत आधी निकालात काढता येतो, कारण या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये असा पट्टाच नाही. संदेश लिहिणाऱ्याने ‘सीव्हीटी’ (गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) ही अक्षरे वाचली आणि पुढचे मनाने भरले, असे दिसते. पट्टा आणि पुली असलेली सीव्हीटी अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत असते आणि तिच्याबद्दलच्या तक्रारी निराधार नाहीत. मॅव्हरिकमधील ई-सीव्हीटीत मात्र दोन विद्युत मोटरी आणि एक प्लॅनेटरी गिअरसंच (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाके फिरणारी रचना) असतो. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचे प्रमाण मोटरींच्या साहाय्याने राखले जाते, त्यामुळे घसरणारा पट्टा नाही आणि झिजणारा क्लचही नाही. या रचनेमुळे काही चमत्कारिक अनुभव मात्र येतात आणि नवा मालक त्यांना बिघाड समजतो. लांब चढावर इंजिन एकाच वरच्या सुरात घुमत राहते, जरी गाडीचा वेग त्या मानाने वाढत नसला तरी. लांब उतारावर तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतानाही इंजिनाचा आवाज चढतो, कारण बॅटरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरल्यावर उतारावर निर्माण होणारी वीज साठवायला जागा उरत नाही आणि ती खर्च करण्यासाठी मोटर इंजिनालाच फिरवते. गाडी सावकाश मागे घेताना येणारी अंतराळयानासारखी गुणगुण हा तर कायद्याचा भाग आहे. विजेवर चालणारी गाडी पादचाऱ्याला ऐकू यावी म्हणून संथ वेगात असा आवाज करणे अमेरिकेत बंधनकारक आहे.

बॅटरीविषयीची भीती विजेवर चालणाऱ्या मोटारींवरून उसनी घेतलेली आहे. मॅव्हरिकची उच्चदाबाची बॅटरी केवळ 1.1 किलोवॅट-तासांची आहे, म्हणजे पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीच्या तुलनेत अगदीच लहान. ती पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही आणि हायब्रिड भागांवर कंपनीची 8 वर्षे किंवा 1 लाख मैलांची हमी आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-नियतकालिकाने 2011 मध्ये दोन लाख मैलांहून अधिक धावलेली 2002 सालची टोयोटाची हायब्रिड प्रियस तपासली, तेव्हा तिच्या मायलेजमध्ये फारसा फरक आढळला नव्हता. त्या बॅटरीचे रसायन वेगळे होते हे मान्य करूनही पाच वर्षांची मुदत कोठून आली, हा प्रश्न उरतोच.

गाडी बंद पडण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे आणि त्यामागचा खलनायक आहे साधी 12 व्होल्टची बॅटरी. एप्रिल 2024 मध्ये फोर्डने सुमारे 4 लाख 56 हजार ब्रॉन्को स्पोर्ट (फोर्डचीच एसयूव्ही) आणि मॅव्हरिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, कारण 12 व्होल्टची बॅटरी उतरत असल्याचे गाडीच्या संगणकाला वेळेवर कळत नव्हते आणि चालत्या गाडीची शक्ती जाण्याचा धोका होता. जानेवारी 2025 मध्ये याच दोन मॉडेलच्या सुमारे 2 लाख 73 हजार गाड्या पुन्हा बोलावल्या गेल्या, या वेळी बॅटरीच्याच निर्मितीतील दोषामुळे. आता ब्रॉन्को स्पोर्ट ही या काळात केवळ पेट्रोलवर चालणारी गाडी होती. तिलाही तोच दोष असेल, तर बोल हायब्रिडला कसा लावता येईल?

हायब्रिडमध्ये या छोट्या बॅटरीचे महत्त्व अनेकांना ठाऊक नसते. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच आणि सगळे संगणक 12 व्होल्टवरच जागे होतात, म्हणून मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी उतरली की गाडी हलत नाही. डिसेंबरमध्ये सहा आठवड्यांसाठी भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण उभ्या गाडीतही अलार्म आणि मोडेम थोडी थोडी वीज खातच राहतात. घरच्या गॅरेजमध्ये बॅटरी मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा छोटा चार्जर) लावून जाणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

आगीचा मुद्दा गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुलै 2022 मध्ये 2.5 लिटर इंजिनाच्या फोर्डच्या हायब्रिड एस्केप, मॅव्हरिक आणि लिंकन कॉर्सेअर अशा सुमारे 1 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. इंजिन फुटल्यास तेल आणि इंधनाची वाफ बाहेर पडून गरम भागांजवळ साचू शकत होती. येथेही मूळ दोष इंजिनाचा होता, बॅटरीचा नव्हता. माझा आक्षेप कंपनीच्या पहिल्या उपायावर आहे: इंजिनाला हात न लावता खालच्या आवरणात आणि समोरच्या जाळीमागील हवेच्या झडपांत बदल करून तेल व वाफ निघून जाण्याची सोय तेवढी केली गेली. 2023 मध्ये व्याप्ती वाढवून, आधी दुरुस्त झालेल्या गाड्याही पुन्हा बोलवाव्या लागल्या.

मायलेजच्या बाबतीत 2022 च्या हायब्रिड मॉडेलचा अधिकृत आकडा शहरात गॅलनला 42 मैल आणि महामार्गावर 33 मैल होता, म्हणजे लिटरला सुमारे 18 आणि 14 किलोमीटर. शहरातला आकडा मोठा पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते, परंतु ब्रेक लावताना वीज परत मिळते ती शहरातच. महामार्गावर चौकोनी नाकाची ही गाडी वाऱ्याशी झुंजत असते. हिवाळ्यात केबिन तापवण्यासाठी इंजिन वारंवार सुरू होते आणि आकडा आणखी खाली येतो. हे खोटेपण नव्हे, पण रोज ताशी 75 मैलांनी लांबचा प्रवास करणाऱ्याने 42 ची अपेक्षा ठेवू नये, हे विक्रेत्याने सांगायला हवे.

ओझ्याचा मुद्दा थोडक्यात. सुरुवातीची हायब्रिड मॅव्हरिक 2,000 पौंड ओढू शकत होती आणि प्रवासी आणि हौद्यातले सामान मिळून एकूण 1,500 पौंड वाहू शकत होती. 2025 च्या मॉडेलपासून चारही चाकांना शक्ती देणारी हायब्रिड आली आणि टोइंग पॅकेजसह तिची मर्यादा 4,000 पौंड झाली. मोठी होडी ओढायची असेल, तर ही गाडी आधीही आपली नव्हती.

2022 किंवा 2023 ची मॅव्हरिक जुन्या बाजारात पाहत असाल, तर डॅशबोर्डच्या काचेशी असलेला 17 अक्षरी व्हीआयएन (वाहन ओळख) क्रमांक अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर टाकून कोणती दुरुस्ती बाकी आहे ते पाहावे. इंजिनाच्या आगीसंबंधीची दुसरी दुरुस्ती झाली आहे का, हे मालकाला वेगळे विचारावे, कारण पहिलीची पावती दाखवून ‘काम झालेले आहे’ असे सांगणे सोपे असते.