अ‍ॅनिमेच्या दीड मिनिटापलीकडचं जपानी रॉक

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला जपानी रॉकचं एखादं तरी गाणं गुणगुणता येतं. अर्थ माहीत नसतो, बँडचं नाव माहीत नसतं, पण चाल डोक्यात पक्की बसलेली असते. टीव्हीवरच्या मालिकेसाठी गाणं साधारण दीड मिनिटाचं कापतात आणि ते प्रत्येक भागाला वाजतं, मग बसणारच. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या दीड मिनिटावर थांबू नका. तुम्ही अठरा ते पंचविशीतले असाल, कॉलेज संपत आलंय किंवा नुकतीच नोकरी लागलीये, पुढचं काही धड ठरत नाहीये, तर नक्कीच नका थांबू. हे संगीत तुमच्याच वयाच्या मुलामुलींनी, तुमच्यासारख्याच अवस्थेत असताना केलंय, आणि ते ऐकताना जाणवतं.

सुरुवात एशियन कुंग-फू जनरेशनपासून करा. १९९६ साली योकोहामातल्या कांतो गाकुइन विद्यापीठात जमलेली ही पोरं. 'नारुतो'चं दुसरं ओपनिंग यांचं, 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधलं 'रीराइट'ही यांचंच. त्याआधी जपानी रॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक्स जपान यायचा, उभे केलेले केस, चेहऱ्यावर रंगरंगोटी. आणि इथे मासाफुमी गोतो, चष्मा लावून, साध्या शर्टात, घसा फाटेस्तोवर गातोय. त्यांचा २००४ चा अल्बम 'सोल्फा' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐका, मध्ये शफल लावू नका.

पण मला सगळ्यात प्रिय आहे त्यांचा २००८ चा 'सर्फ बुंगाकु कामाकुरा'. फुजिसावा ते कामाकुरा अशी एनोदेन नावाची छोटी रेल्वे आहे, जेमतेम दहा किलोमीटरची, पंधरा स्टेशनांची. कुठे घरांच्या परसदारांना घासून जाते, कुठे गाड्यांच्या रस्त्यावरूनच धावते, कुठे एकदम समुद्रच समोर. या अल्बममधल्या दहा गाण्यांना याच मार्गावरच्या स्टेशनांची नावं आहेत आणि क्रमही स्टेशनांचाच. पहिलं गाणं फुजिसावाचं, शेवटचं कामाकुराचं. उरलेली पाच स्टेशनं त्यांनी २०२३ मध्ये पूर्ण केली. पंधरा वर्षं एक गोष्ट मनात ठेवून ती तडीस न्यायची, हे मला फार मोठं वाटतं. गाणी मात्र अगदी हलकी आहेत, तीन-तीन मिनिटांची, गिटारचा फार साजशृंगार न करता वाजवलेली. लोकल पकडून रोज कामावर जाणाऱ्याला हा अल्बम लगेच आपला वाटेल.

'बोची द रॉक!' ही अ‍ॅनिमे मालिका बघितलेल्यांसाठी एक गंमत. त्यातल्या चार मुलींची आडनावं, गोतो, किता, यामादा, इजिची, ही याच बँडच्या चौघांची आहेत, आणि यामादा बासवर, इजिची ड्रम्सवर हेही जुळवलेलं आहे. त्या मालिकेतल्या मुली पैशासाठी धडपडताना दिसतात ते मनचं नाही. तोक्योतल्या शिमोकिताझावासारख्या भागात जे छोटे लाइव्ह हाउस आहेत, तिथे नव्या बँडला तिकिटांचा कोटा देतात. विकली नाहीत तर फरक बँडने खिशातून भरायचा. म्हणजे दुकानात पार्टटाइम काम करून मिळवलेले पैसे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमावर घालवायचे, तेही वीस-पंचवीस लोकांपुढे. अशा बँडच्या आवाजातली निकड तिथून येते असं माझं ठाम मत आहे. फुकट मिळालेल्या स्टेजवर माणूस असं वाजवत नाही.

आता नंबर गर्ल. यांच्याबद्दल लिहिताना मला आवरत नाही. १९९५ साली फुकुओकात सुरू झालेला चौघांचा बँड. शुतोकु मुकाई गातो आणि गिटार वाजवतो, त्याचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या गदारोळात बुडवलेला. शेजारी हिसाको ताबुची दुसरी गिटार वाजवते, पत्रा कापल्यासारखी. पहिल्यांदा ऐकताना रेकॉर्डिंग बिघडलंय की काय असं वाटेल. दुसऱ्यांदा ऐका. तिसऱ्यांदा तुम्हीच लावाल. १९९९ च्या 'स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अ‍ॅडिक्ट'ने सुरुवात करा आणि मग २००२ च्या नोव्हेंबरमध्ये सापोरोत झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. जपानमध्ये त्यांच्यानंतर आलेल्या कितीतरी बँडवर त्यांची छाप आहे. एशियन कुंग-फूने तर आपल्या एका गाण्याचं नावच 'एन. जी. एस.' ठेवलं, म्हणजे नंबर गर्ल सिंड्रोम. २०१९ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा थांबले.

मुलींच्या बँडची शिफारस लोक एका वेगळ्या कप्प्यात घालून करतात, ते मला पटत नाही. चॅटमाँची हा जपानी रॉकमधला पहिल्या रांगेतला बँड आहे, बस. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमातून आलेल्या तिघी. ड्रमर कुमिको ताकाहाशी गाणीही लिहायची. ती २०११ मध्ये बाहेर पडली तेव्हा उरलेल्या दोघींनी नवी ड्रमर शोधली नाही. बास वाजवणारी आकिको फुकुओका स्वतः ड्रम्सवर बसली आणि दोघींनीच बँड पुढे चालवला, २०१८ ला आपणहून संपवेपर्यंत. आधी २००७ चा 'सेइमेइर्योकु' ऐका, मग दोघींचा २०१२ चा 'हेनशिन'. आवाज बदललाय, जिद्द तीच आहे. आत्ताच्या बँडपैकी हित्सुजिबुंगाकु ऐकाच. 'जुजुत्सु काइसेन' मालिकेच्या शिबुया पर्वात भागाच्या शेवटी वाजतं ते गाणं त्यांचं. मोएका शिओत्सुकाचा आवाज शांत आणि त्याखाली गिटारची दाट भिंत, रात्री हेडफोनवर ऐकण्यासारखं.

रॅडविम्प्स तुम्हाला 'युअर नेम' या अ‍ॅनिमे चित्रपटामुळे माहीत असतीलच. वन ओके रॉक लोकप्रिय आहेत, त्यांचा २०१३ चा 'जिन्सेइ काकेते बोकु वा' जोरदार आहे. पुढे परदेशी बाजारासाठी इंग्रजीत केलेलं काम मला तितकं भिडत नाही. बंप ऑफ चिकनचं २००१ चं 'तेन्ताइ कान्सोकु' एकदा तरी ऐका, जपानमध्ये एका अख्ख्या पिढीने ते गाऊन घसे बसवलेत.

मनाने फार खचला असाल तर या सगळ्यांच्या आधीचे द ब्लू हार्ट्स. १९८७ चं 'लिंडा लिंडा'. मोजके कॉर्ड, कुणालाही वाजवता येईल असं. पण हिरोतो कोमोतो पहिल्याच ओळीत गटारातल्या उंदराचं सौंदर्य मागतो आणि ते इतक्या मनापासून मागतो की परीक्षेत, नोकरीत, प्रेमात नापास झालेल्या माणसाला उभं राहावंसं वाटतं. मी हे गाणं अनेकांना पाठवलंय आणि पाठवत राहणार आहे.

फिशमन्स अगदी वेगळ्या वाटेचे. १९९६ चा 'लाँग सीझन' म्हणजे पस्तीस मिनिटांचं एकच गाणं. त्यात घाई नाही. गायक शिंजी सातो मार्च १९९९ मध्ये वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. २८ डिसेंबर १९९८ चा त्याचा शेवटचा कार्यक्रम लाइव्ह अल्बम म्हणून उपलब्ध आहे. तेव्हा जपानबाहेर यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे इंटरनेटवर जगभरच्या तरुण पोरांनी त्यांना शोधून काढलं. मात्र फिशमन्सपासून सुरुवात करू नका, आधी कान तयार होऊ देत.

"भाषाच कळत नाही" हे कारण मला देऊ नका. रहमानची तमिळ गाणी आपण वर्षानुवर्षं शब्द न कळता ऐकत आलोय. आणि आपल्याकडे एक सोय आहे जी फार थोड्या ठिकाणी असेल. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, दर वर्षी कितीतरी मुलं परीक्षा देतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे. यातलं एकेक गाणं घ्या आणि ते कशाबद्दल आहे ते मराठीत लिहा. शब्दाला शब्द नको, गाणं नेमकं काय सांगतंय तेवढं पुरे. 'सर्फ बुंगाकु कामाकुरा'पासून सुरुवात केलीत तर मी प्रत्येक स्टेशनला वाचायला हजर असेन.