‘अजून लिहितोस?’ : जुनं प्रेम पुन्हा भेटवण्याची बिनचूक कृती

कथा साभार परत पाठवली की उत्तर येतं, ‘पण ही सत्यघटना आहे.’ परवा आलेल्या उत्तरात त्यापुढे आणखी एक ओळ होती: ‘छापाच. तिला अंक पाठवायचा आहे. दोन प्रती जादा लागतील.’ दिवाळी अंकासाठी आलेला गठ्ठा उपसत बसलेल्या माणसाला याहून मोलाचं मार्गदर्शन कोण करणार? तेव्हा पुढच्या वर्षी कोणाची गैरसोय होऊ नये म्हणून ‘उपेक्षित लेखकाला जुनी प्रेयसी भेटते’ या कथेची कृती इथे देत आहोत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर मराठी कथेने बरीच वळणं घेतली, पण या पदार्थाला मागणी आहे असं पुरवठ्यावरून तरी दिसतं.

साहित्य: लेखक एक (वय पंचेचाळीस, शबनम पिशवी, पुस्तकं दोन, दोन्ही पदरमोड करून). ती एक. स्टेशन एक. वाळलेलं फूल एक. पाऊस चवीनुसार.

तिचं नाव मैथिली, मृण्मयी किंवा अनघा ठेवा. छाया, सुनंदा, शोभा यांच्यावर मराठी कथेतला लेखक प्रेम करत नाही. त्या त्याच्या खोलीवर पोळ्या करायला येतात.

केसांत रुपेरी बट एकच. दोन झाल्या तर तो ओळख देणार नाही.

भेट शक्यतो एस.टी. स्टँडवर नको. तिथे भेटली की नायक तिच्यासोबत बसमध्ये चढतो आणि खिशात शेवटची नोट असूनही कंडक्टरला ‘दोन फुल’ म्हणतो. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. हे तिला माहीत असतं, कंडक्टरला माहीत असतं, मागच्या सीटवरच्या आजींनाही माहीत असतं. प्रेमाचा उत्कट क्षण ‘अहो, लेडीज हाफ’ या शब्दांनी सुरू करायची तयारी असेल तर खुशाल स्टँड घ्या. (ती कथा आम्हाला वाचायला आवडेल. अजून आलेली नाही.)

स्टेशन घेतलं तर कर्जत घ्यावंच लागतं. वडा, धुकं, घाट, सगळं आयतं मिळतं. आता कर्जतला गाडी का थांबते, याच्याशी लेखकाला काय करायचंय? बोरघाटाचा चढ सदतिसास एक आहे, तो चढायला मागून जादा इंजिनं लावतात, तेवढ्यासाठी थांबते आणि काम झालं की निघते. एवढ्या वेळात एक वडापाव सुट्या पैशांसकट हाती पडला तरी नशीब समजायचं. तुमची दोघं मात्र दोन चहा, तिचं लग्न, त्याच्या आईचं आजारपण आणि एक अख्खी मुक्तछंदातली कविता उरकतात, तरी सिग्नल लालच. बरं, गाडी निघालेली पुण्याहून मुंबईला. म्हणजे घाट उतरून आलेली. तिला मागून ढकलायला इंजिन लावलंय, ते नक्की कुठे ढकलायला?

शेवटी गाडी सुटते आणि तो खिडकीतून तिच्या हातात आपलं पुस्तक देतो. ती सुखवस्तू झालीय हे दाखवायला तुम्हीच दोन पानं आधी तिला एसी चेअर कारमध्ये बसवलंय. ती काच उघडत नाही. एकतर तिला सेकंड सीटिंगमध्ये आणा, नाहीतर पुस्तक प्लॅटफॉर्मवरच देऊन मोकळे व्हा.

पाऊस. वैशाखात रिमझिम पाडू नका. वैशाखात वळीव असतो. धूळ, वारा, विजा, कुठे गारा, आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात खेळ खलास. त्यात माणसं आडोशाला पळतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघत भिजत नाहीत. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास माघार घेतो. या दोन तारखांमध्ये कितीही भिजवा, आमचा आक्षेप नाही.

फुलाचं तेवढं जरा नीट पाहा. तिने दिलेला प्राजक्त त्याने वहीत जपलाय आणि वही उघडताच ‘तोच गंध’ येतो, असं लिहू नका. प्राजक्त संध्याकाळनंतर उमलतो आणि पहाटे गळतो. वहीत ठेवला तर पाकळ्या कागदाला चिकटून पारदर्शक होतात, देठाचा केशरी डाग उरतो, आणि वास येतो तो जुन्या कागदाचा. सोनचाफा दुसऱ्याच दिवशी तपकिरी पडतो. मोगरा काळवंडतो. वाळूनही वर्षानुवर्षं वास धरणारं फूल हवं असेल तर बकुळ. ओवळं म्हणा हवं तर. आपल्या आज्या कपाटात साड्यांच्या घड्यांत बकुळीच्या माळा उगीच ठेवत नव्हत्या. पण बकुळ बारीक, मातकट, दिसायला साधी, त्यामुळे कथेत तिची निवड होत नाही. नायिकेच्या निवडीचंही हेच धोरण आहे, म्हणून म्हटलं.

तिच्या नवऱ्याला टक्कल, पोट आणि ‘बिझनेस’ द्या. याहून जास्त चौकशी नको.

तो अगदीच अडचणीचा वाटला तर घटस्फोट घडवा. ‘गेल्याच महिन्यात आम्ही वेगळे झालो आणि आजच कागद हातात आले’ हे वाक्य गठ्ठ्यात वरचेवर भेटतं. परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली होतो. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर दुसऱ्या हजेरीपर्यंत सहा महिने. ते सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, २०१७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पण आपोआप नाही; त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी कारणं. तुमच्या तिने तो अर्ज केला, वकील केला, तारखांना रजा काढल्या, मुलाच्या ताब्याचं आणि फ्लॅटच्या कर्जाचं लिहून घेतलं. एवढं सगळं एकटीने निस्तरून आलेली बाई प्लॅटफॉर्मवर येऊन पहिलं वाक्य काय बोलते? ‘अजून लिहितोस?’

मग त्याची कीर्ती. त्याची नवी कादंबरी जानेवारीत निघते, डिसेंबरात तिला साहित्य अकादमी मिळतं, आणि प्रेयसी टीव्हीवर बातमी बघून धावत येते. अकादमीच्या पुरस्काराला पुरस्काराच्या आदल्या वर्षाच्याही मागची पाच वर्षं धरतात. यंदा छापलेलं पुस्तक यंदा विचारातच घेत नाहीत. तेव्हा नायकाला थोडा धीर धरायला सांगा. पुरस्काराची रक्कम एक लाख आहे, ‘त्या पैशांतून त्याने कोथरूडला फ्लॅट घेतला’ हे वाक्य त्यामुळे काढावं लागलं. आणि रॉयल्टीवर तो तिला हॉटेलात जेवू घालणार असेल तर आधी हिशेब करा: किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी दहा टक्के. शेवटची प्रत विकली गेली तर पंधरा हजार. ती विकली जायला किती वर्षं लागतात ते आपल्याच माळ्यावरच्या खोक्यांना विचारा.

खिशात फक्त अकरा रुपये आहेत म्हणून चहा पाजता येत नाही, हा प्रसंग गाळा. टपरीवर क्यूआर कोड असतो.

आता ती. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण कृतीत सगळ्यात कमी मेहनत इथेच लागते. ‘ती बँकेत आहे’ असं एक वाक्य टाकायचं आणि पुढे जायचं. ती दुसऱ्या शनिवारी बँकेतून थकून परत येताना दाखवायची. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, सप्टेंबर २०१५ पासून. ३१ मार्चला तिला दुपारी तीन वाजता समुद्रकिनारी बसवायची. ३१ मार्चला बँकेतली बाई दुपारी तीन वाजता कुठे असते ते कोणत्याही बँकवाल्याच्या घरी विचारा, रात्रीच्या जेवणालाही ती घरी नसते. अठरा वर्षं ती काउंटरवर बसलीय. कॅश कमी पडली तर स्वतःच्या खिशातून भरलीय. जेएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेचे पेपर मुलाच्या परीक्षेच्या हंगामात दिलेत. क्लार्कची ऑफिसर होण्याची संधी आली तेव्हा बदली परराज्यात होणार म्हणून, सासऱ्यांच्या डायलिसिससाठी म्हणा, मुलीच्या दहावीसाठी म्हणा, तिने प्रमोशनच नको म्हणून लिहून दिलंय. आणि तिच्या हाताखाली शिकलेला पोरगा आज तिच्या रजेच्या अर्जावर सही करतो. अहो, ही कथा आहे! ही तुमच्यासमोर कर्जत स्टेशनवर उभी आहे, आणि तुम्ही काय लिहिताय? ‘तिच्या डोळ्यांत तेच जुनं आभाळ होतं.’

एक चाचणी सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. कथेचा प्रिंट काढा. लाल पेनाने तिची सगळी वाक्यं अधोरेखित करा. मग त्यांतली प्रश्नचिन्हं मोजा. ‘अजून लिहितोस?’ ‘चहात अजून साखर कमीच घेतोस?’ ‘लग्न नाही केलंस?’ ‘माझ्यावर काही लिहिलंस?’ आता निळ्या पेनाने त्याची वाक्यं, आणि त्याने तिला विचारलेले प्रश्न मोजा. ‘कशी आहेस’ धरू नका, त्याचं उत्तर तो ऐकत नाही. या गठ्ठ्यातल्या कथेत निळी प्रश्नचिन्हं सापडत नाहीत. दोन तास बोलतो तो. तिची आई आहे का गेली, हेसुद्धा विचारत नाही.

आता कृती-बिती बाजूला ठेवतो, कारण आपल्याला या कथेत ती नकोच असते. आपली पुस्तकं कोणी वाचली नाहीत, संमेलनात कविकट्ट्यावर तीन मिनिटं मिळाली, तीही अध्यक्ष जेवायला गेल्यावर. मान्य. त्याचा राग येतो, तोही मान्य. पण म्हणून अठरा वर्षांपूर्वीच्या मुलीला उचलून आणायची, तिच्या तोंडी ‘मी तुझं सगळं वाचलंय’ घालायचं, तिचा संसार विस्कटून दाखवायचा, म्हणजे ‘लेखकाला सोडून गेली ती पस्तावली’ हे सिद्ध होतं? हा सूड आहे, आणि तोही हातचलाखीचा. समोरच्याला बोलायलाच द्यायचं नाही.

आणि ‘सत्यघटना’ म्हणून जे सांगता ते तर फारच वाईट. सत्यघटना असेल तर ती बाई खरी आहे. तुम्ही कॉलेजचं नाव ठेवलंय, तिची गल्ली ठेवलीय, गॅदरिंगचं साल ठेवलंय, नाव फक्त बदललंय; आणि तिच्या नवऱ्याला दारुडा केलंय, कारण कथेला ते सोयीचं होतं. दिवाळी अंक गावोगावच्या वाचनालयांत जातात. तिच्या गावातही वाचनालय असेल, तिथे तिच्या नणंदेच्या ओळखीचं कोणी अंक घरी नेईल, गॅदरिंगचं साल बघेल आणि दोन मिनिटांत ओळखेल. तिला विचारलंत का? तिची परवानगी सोडा, तिला कळवलंत तरी का? नाही, तिला थेट अंक पाठवायचा आहे. घरच्या पत्त्यावर. दिवाळीत. सगळे फराळाला बसलेले असताना. लाज वाटायला हवी.

खरी माणसं घ्यायची असतील तर गाव बदला, साल बदला, धंदा बदला, भांडणाचं कारण बदला. चारही बदलल्यावर काही उरलं नाही, तर लिहिण्यासारखं काही नव्हतंच, फक्त तक्रार होती.

बाकी नेहमीचंच. कथा तीन हजार शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये, वर्ड फाइल. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात पाठवलीत तर इथे नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि पीडीएफमधून मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात, मग प्रूफं तपासणाऱ्या बाई आमच्यावर ओरडतात. व्हॉट्सॲपवर तुकडे नकोत. एकच कथा एकाच वेळी चार अंकांना धाडू नका. गेल्या वर्षीचा एक तरी अंक विकत घेऊन वाचा. पानं छपाईच्या फॉर्मच्या, म्हणजे ठरावीक पानांच्या गठ्ठ्यांच्या, हिशेबाने बसतात, त्यामुळे ‘अजून दीड पान घाला, तिचं पत्र राहिलंय’ असं सप्टेंबरात सांगू नका. रात्री साडेदहानंतर फोन नको.

जादा प्रती मिळणार नाहीत.